गारव्याचा करार आणि कोटेशनचा कागद

पंचवटीत, हिरावाडीत किंवा मखमलाबाद नाक्यापलीकडे उभ्या राहणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत गृहप्रकल्पात सदनिका घ्यायची झाली, तर कायदा पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्या पाठीशी असतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या तेराव्या कलमानुसार, लेखी करार करून तो नोंदवल्याखेरीज विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. त्याआधीही महाराष्ट्राच्या १९६३ च्या 'मोफा' कायद्याने हीच मर्यादा वीस टक्क्यांवर बांधून दिली होती. भिंती विकत घेताना कागद असा सक्तीचा आहे. त्याच भिंतींच्या आत हवा गार करणारी किंवा पाणी गरम करणारी यंत्रणा बसवून घेताना मात्र हा सगळा काटेकोरपणा गळून पडतो. लाख-दोन लाखांच्या कामासाठी निम्मी रक्कम आगाऊ मोजली जाते, ती बहुधा दोन-चार ओळींच्या कोटेशनवर. त्यात यंत्राचा ब्रँड असतो, टन असतात, एकूण रक्कम असते आणि तळाशी 'आगाऊ ५० टक्के' एवढी एकच अट ठळक असते.

घरगुती वातानुकूलन यंत्रापुरते हे चालूनही जाते. पण पंचवटीचा व्यवहार घरापुरता नाही. दिंडोरी रस्त्यावर बाजार समितीचे आवार आहे. दिंडोरी, निफाड आणि पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात द्राक्षांची पॅकहाऊस आणि शीतगृहे आहेत. रामकुंडाच्या परिसरात लॉज, यात्री निवास आणि धर्मशाळा आहेत. पहाटे गोदास्नान करून परतणाऱ्या यात्रेकरूला खोलीत गार वारा नसला तरी चालतो, गरम पाणी मात्र लागतेच. म्हणून येथे वातानुकूलनाइतकाच छपरावरच्या सौर बंबांचा आणि हीट पंपांचाही धंदा आहे. त्यात सिंहस्थाचे वेळापत्रक जाहीर झाले आहे : ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान. खोल्या सजवण्याची घाई अशा वेळी होणारच. आणि घाईत कागद मागे पडतो, हा कोणत्याही बांधकामाचा अनुभव आहे.

तोंडी करार कायद्यात टिकत नाही, असा एक समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याला प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला आणि उभयतांची मुक्त संमती पुरते. कागद असलाच पाहिजे असे तो म्हणत नाही. कोटेशन हा प्रस्ताव आणि आगाऊ रक्कम ही स्वीकृती. तेव्हा करार झालेलाच असतो. प्रश्न उरतो तो करारात नेमके काय होते, याचा. भांडण तेथेच सुरू होते, आणि पुराव्याच्या अभावी ते जागामालकाच्या गळ्यात पडते.

कागदाचा अर्थ आपल्याकडे 'पकड' असा लावला जातो. कंत्राटदाराला बांधून घ्यायचे, म्हणून लिहून घ्यायचे. त्यामुळेच ओळखीच्या माणसाकडून लिहून मागणे अपमानाचे वाटते. 'आमच्यावर विश्वास नाही का?' या एका प्रश्नापुढे भलेभले व्यावसायिक गप्प बसतात. वास्तविक लेखी कराराचे सर्वांत मोठे काम वेगळेच आहे. समोरच्याला काय माहीत होते, याची ती नोंद असते. करार कायद्याचे त्र्याहत्तरावे कलम याच माहितीवर उभे आहे. करारभंग झाल्यास भरपाई मिळते ती दोनच प्रकारच्या नुकसानीची : जी सामान्य व्यवहारात आपोआप उद्भवते ती, किंवा असे नुकसान होईल याची करार करतेवेळी दोन्ही पक्षांना कल्पना होती ती. दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मिळत नाही.

या कलमाचे मूळ १८५४ च्या एका इंग्रजी खटल्यात आहे. ग्लॉस्टर येथील एका गिरणीचा दांडा तुटला. नमुन्यासाठी तो ग्रीनिचला पाठवायचा होता. वाहतूकदाराने उशीर केला आणि गिरणी अनेक दिवस बंद राहिली. गिरणीमालकाने बुडालेल्या नफ्याचा दावा लावला. न्यायालयाने तो नाकारला. कारण हा दांडा पोहोचेपर्यंत गिरणी बंदच राहणार आहे, ही खास परिस्थिती करार करताना वाहतूकदारापुढे मांडलेली नव्हती. 'हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल' हे नाव कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. नाशिकच्या द्राक्ष व्यापाऱ्याला मात्र ते माहीत असण्याची शक्यता कमी, आणि खरी गरज त्यालाच आहे.

द्राक्ष हे फळ काढणीनंतर फार थांबत नाही. निर्यातीचा माल पॅकहाऊसमध्ये आला की काही तासांत गराचे तापमान चार अंशांच्या आसपास किंवा त्याखाली आणावे लागते. पुढे साठवण शून्य ते एक अंशावर, नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत करावी लागते. हा प्रीकूलिंगचा टप्पा चुकला की देठ सुकतो, मणी गळतात आणि समुद्रमार्गे आठवडेच्या आठवडे प्रवास करणाऱ्या कंटेनरमध्ये त्याचे परिणाम उघडे पडतात. हंगाम ढोबळमानाने जानेवारी ते एप्रिल. समजा, एखाद्या शीतगृहमालकाने डिसेंबरअखेर यंत्रणा चालू करून द्यायचे तोंडी ठरवले आणि काम फेब्रुवारीत पुरे झाले. मधल्या दीड महिन्यात परत पाठवावा लागलेला माल, दुसऱ्याच्या शीतगृहाचे भाडे, निर्यातदाराने कापलेला दर ही सगळी नुकसानी खरी आहे. पण कोटेशनवर लिहिलेले असते 'कोल्ड रूम, १ नग'. तेथे द्राक्ष नाही, हंगाम नाही, तारीख नाही. कंत्राटदाराला ते माहीत होते असे त्याच्या वकिलाने मान्य करण्याचे कारण नाही. तो एवढेच म्हणेल की, खोली कांद्यासाठी असू शकत होती, भाजीसाठी असू शकत होती, आणि नसती तरी काय बिघडले असते?

म्हणून अशा करारातील सर्वांत मोलाची ओळ किमतीची नसते. कोणता माल, किती टन, किती तापमानाला आत येणार, किती तासांत किती अंशांवर यायला हवा, आणि कोणत्या तारखेपासून : ही ती ओळ. या एका वाक्याने यंत्रणेची क्षमताही ठरते आणि भरपाईची सीमाही. लॉजमालकाने '२ ऑगस्ट २०२७ च्या अमृतस्नानासाठी खोल्यांचे आरक्षण घेतलेले आहे' असे लिहिले, तर त्याचेही काम याच न्यायाने होते.

क्षमतेबाबत आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एक टन म्हणजे तासाला बारा हजार बीटीयू, सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची ताकद. हा आकडा प्रमाणित चाचणीचा असतो आणि ती चाचणी बाहेर ३५ अंश तापमान धरून केलेली असते. नाशिकचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीपर्यंत चढतो, पश्चिमेची भिंत आणि वरचा पत्रा तापतो, तेव्हा तेच यंत्र कमी भरते. 'दीड टन' हा शब्द म्हणजे हमी नव्हे. 'बाहेर ४० अंश असताना, खोलीत अमुक माणसे असताना, आत २४ अंश' ही हमी होय. ताऱ्यांचेही तसेच. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे निकष वेळोवेळी कडक होतात. जानेवारी २०२६ पासूनही ते बदलले. तेव्हा 'फाइव्ह स्टार' एवढे पुरत नाही, कोणत्या वर्षाच्या निकषाचे पाच तारे हे लिहायला हवे.

उशिराबद्दल करार कायद्यात एक छोटी तरतूद आहे, आणि ती न वाचल्यामुळे अनेक न्याय्य दावे बुडतात. पंचावन्नावे कलम सांगते की, जेथे वेळ हा कराराचा गाभा आहे तेथे मुदत चुकल्यास मालक करार रद्द करू शकतो. पण त्याने उशिराचे काम स्वीकारले, तर उशिराबद्दल भरपाई मागण्याचा हक्क त्याला राहत नाही. अपवाद एकच, काम स्वीकारतानाच त्याने तशी सूचना दिलेली असली पाहिजे. आपल्याकडे काय होते? महिनाभर फोनाफोनी, रागावणे, आणि एकदाचे यंत्र सुरू झाले की पेढे. त्या पेढ्यांबरोबर 'उशिराची भरपाई मागण्याचा हक्क राखून काम ताब्यात घेत आहे' अशा एका ओळीची चिठ्ठी दिली तर पुढचे चित्र बदलते.

आता हा वाद न्यायचा कोठे? सामान्य नाशिककराच्या मनात पहिले नाव येते ते जिल्हा ग्राहक आयोगाचे. घरासाठी यंत्र घेणाऱ्याला तो मार्ग निःसंशय मोकळा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला आपण राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते. मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगापुढे, आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची. छापील अर्जाच्या तळाशी 'न्यायक्षेत्र फक्त मुंबई' असे लिहिलेले असले, म्हणून नाशिकच्या ग्राहकाने मुंबईच्या वाऱ्या करण्याचे कारण नाही. लवादाच्या अटीमुळेही ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केले आहे.

अडचण व्यावसायिकाची आहे. व्यापारी हेतूने वस्तू वा सेवा घेणारा 'ग्राहक' नव्हे, हे सूत्र. त्याला अपवाद स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेणाऱ्याचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या 'लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स' या निकालातले प्रकरण महाराष्ट्र राज्य आयोगातूनच वर गेलेले होते. यंत्र वेळेवर आणि नीट मिळाले नाही म्हणून राज्य आयोगात जिंकलेला उद्योजक वरच्या पायरीवर हरला, तो यंत्र व्यापारी हेतूने घेतले या मुद्द्यावर. उलट २०१९ मध्ये मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या न्यासाने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांबाबत न्यायालयाने म्हटले की, येथे नफ्याशी थेट संबंध नाही, न्यास ग्राहक ठरतो. रामकुंडाजवळच्या धर्मशाळांसाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, कारण त्यांतील बऱ्याच न्यासांच्या आहेत. सार्वजनिक न्यास ही 'व्यक्ती'च नाही, म्हणून तो तक्रार करू शकत नाही, असे २०१७ मध्ये 'प्रतिभा प्रतिष्ठान' प्रकरणात म्हटले गेले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाला त्याबद्दल शंका वाटली. आणि २०१९ च्या कायद्यातील 'व्यक्ती'ची व्याख्या मुळातच अधिक विस्तृत आहे. न्यासाच्या विश्वस्तांनी या अनिश्चिततेवर भिस्त ठेवू नये, हे बरे. कारण ग्राहक आयोगात कागद तोकडा असला तरी तक्रारदाराकडे थोड्या सहानुभूतीने पाहिले जाते. दिवाणी किंवा व्यापारी न्यायालयात असे होत नाही. तेथे कागदच बोलतो. ज्याला ग्राहक आयोग मिळण्याची खात्री कमी, त्याला कराराची गरज जास्त. पंचवटीत उलटेच दिसते.

बसवणीनंतर येते ती वार्षिक देखभाल, म्हणजे एएमसी. येथे कागद असतो, पण तो एकाच बाजूने लिहिलेला. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' या भारदस्त शब्दाच्या खाली कॉम्प्रेसर, पीसीबी आणि गॅस वगळल्याचे बारीक अक्षरांत असेल, तर उरते ते जाळी धुणे. गॅसचे नाव करारात असलेच पाहिजे. जुन्या यंत्रांतला आर-२२ हा ओझोनला घातक म्हणून टप्प्याटप्प्याने बाद होत आहे. आर-४१०ए आणि आर-३२ यांची यंत्रे वेगळी, दाब वेगळे, आणि आर-३२ सौम्य ज्वालाग्राही. 'गॅस भरून दिला' या तीन शब्दांच्या बिलातून यातले काहीच कळत नाही. सौर बंबाच्या बाबतीत टाकीची हमी वेगळी आणि काचनळ्यांची वेगळी असते, आणि बोअरच्या कठीण पाण्याने साचणारा क्षार कोण काढणार हा प्रश्न हमखास अनुत्तरित राहतो. एकतर्फी अटींविरुद्ध २०१९ च्या कायद्याने 'अनुचित करार' ही नवी संकल्पना आणली : नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड, कारणाशिवाय एकतर्फी करार मोडणे, ग्राहकावर अवाजवी बोजा टाकणाऱ्या अटी. मात्र अशी तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही. ती राज्य आयोगाकडेच न्यावी लागते. चार हजारांच्या एएमसीसाठी ते कोण करणार, हा भाग वेगळा.

हे सारे जागामालकाच्या बाजूने झाले. परंतु कंत्राटदाराचीही एक बाजू आहे आणि ती कमी खरी नाही. आयटीआयमधून दोन वर्षांचा वातानुकूलन अभ्यासक्रम करून चार मुलांना हाताशी धरून काम करणारा माणूस मोठ्या कंपनीच्या बरोबरीने भांडवल अडकवू शकत नाही. यंत्र रोखीने उचलायचे, तांब्याची नळी रोखीने घ्यायची, आणि शेवटचे वीस टक्के 'उन्हाळा बघू, मग देऊ' म्हणून वर्षभर अडकलेले. मे २०२४ मध्ये लंडनच्या धातूबाजारात तांब्याने टनामागे ११ हजार डॉलरचा टप्पा ओलांडला होता. सहा महिन्यांपूर्वीच्या दराने नळी टाकून द्यायची, तर तोटा कोणाचा? वातानुकूलन यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा उलटा वाद झडू शकत होता : 'करासह एकूण' असे ठरले असेल, तर वाचलेले दहा टक्के कोणाचे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकेका ओळीत देता येतात. नळी प्रत्यक्ष मोजमापाने, अमुक तारखेच्या दराने. कर पुरवठ्याच्या दिवशीच्या दराने.

वाढीव कामाचे दुखणे तर जुनेच. मालक भिंत हलवतो, इनडोअरची जागा बदलतो, महावितरणचा वाढीव भार मंजूर होत नाही, आणि उशीर मात्र कंत्राटदाराच्या नावावर. केलेल्या कामाच्या पैशांचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघू पुरवठादाराला २००६ च्या कायद्याचे संरक्षण आहे : लेखी ठरले असले तरी ४५ दिवसांपलीकडे देणे लांबवता येत नाही, काहीच ठरले नसेल तर १५ दिवस; त्यापुढे बँक दराच्या तिप्पट, महिन्यामागे चक्रवाढ व्याज. मात्र पुरवठा आणि बसवणी मिळून एकच 'वर्क्स कॉन्ट्रॅक्ट' झाले, तर हे संरक्षण लागू पडते का, यावर न्यायालयांतून प्रश्न उभे राहिले आहेत. उद्वाहन पुरवून बसवणे हे वर्क्स कॉन्ट्रॅक्टच, असे घटनापीठाने २०१४ मध्ये कोने एलिव्हेटर प्रकरणात ठरवले, ते करआकारणीच्या संदर्भात. शीतयंत्रणेचा कंत्राटदार त्याच वाटेवरचा प्रवासी आहे. यंत्राची किंमत आणि बसवणीची मजुरी वेगवेगळी लिहिणे, एवढे त्याच्या हातात आहे.

व्हॉट्सॲपवरचे संदेश पुरावा होतात का, हे आजकाल सर्रास विचारले जाते. होतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी प्रमाणपत्राची अट आहे. ती पाळली तर 'उद्या माणूस पाठवतो' हा संदेशही न्यायालयात वाचला जातो. पण एकदा अटी कागदावर उतरल्या की त्यांच्याविरुद्ध तोंडी पुरावा सहसा ऐकला जात नाही, हेही तितकेच खरे. म्हणून अपुरा कागद हा कधीकधी कागद नसण्यापेक्षा घातक ठरतो. मुद्रांकाचीही हेळसांड नको. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशे रुपयांचा मुद्रांक आला. योग्य मुद्रांक नसलेला दस्त, शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घरदुरुस्तीचे पाचशे डॉलरवरचे काम लेखी कराराशिवाय करताच येत नाही, आणि आगाऊ रक्कम एक हजार डॉलर किंवा कामाच्या दहा टक्के, यांपैकी जी कमी तीच घेता येते. घराच्या भट्टीपासून वातानुकूलनापर्यंत सगळे त्यात येते. तेथील कंत्राटदार त्यामुळे उपाशी मरत नाही. महाराष्ट्राने सदनिकांसाठी कराराचा नमुना नियमांसोबतच जोडून दिला. शीतयंत्रणेसाठी तसा नमुना खासगी मालकाच्या हाती नाही. तो हवा, ही मागणी ग्राहक चळवळीची मोठी परंपरा असलेल्या या राज्यात अवास्तव ठरू नये.

तोवर नमुना सरकारकडूनच उसना घेता येईल. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या वातानुकूलन कामांच्या विनिर्देशांत यंत्रणेची हंगामवार चाचणी अपेक्षित असते. उन्हाळ्याची वेगळी, पावसाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी. डिसेंबरच्या गारठ्यात खोली २४ अंशांवर आली, म्हणून बिल चुकते करण्यात अर्थ नाही, हा त्यातला साधा व्यवहार. त्याच वेळी अडकवलेल्या रकमेची मुदतही ठरून जाते आणि कंत्राटदाराचे 'उन्हाळा बघू' हे भय संपते. पंचवटीतल्या लॉजमालकासाठी हिशेब सरळ आहे. पहिल्या अमृतस्नानाआधीची शेवटची उन्हाळी चाचणी २०२७ च्या एप्रिल-मे महिन्यांतच होऊ शकते. त्यासाठी यंत्रणा मार्चअखेर चालू हवी, त्यासाठी वीजभाराचा अर्ज वर्ष बदलण्याआधी जायला हवा, आणि त्यासाठी करारावर सही रामकुंडावर ध्वज चढेल त्या सुमारास तरी झालेली असायला हवी.